शेवटच्या डब्याची पाटी

बिराजदार मॅडमनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसायला घेतला, की मी हातातली वही चाळायला लागायचो. आता मी सोलापूर सोडलंय, दुसऱ्या गावात दुसऱ्या पोरांना कायदा शिकवतो, तरी घरात बायकोनं साधा चष्मा पुसला तर आपलं काय चुकलं ते मी क्षणभर आठवू लागतो. बायकोला हे सांगितलं नाही. तिला उगीच हत्यार कशाला द्या?

सोलापुरात ज्या विधी विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो, त्याच्या मॅडम संचालक होत्या. उंची जेमतेम पाच फूट, अंगावर इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरच्या पोरांना ऐकायला श्वास धरावा लागे. ओरडणाऱ्या माणसाची भीती चार दिवसांत मरते. मॅडम कधी ओरडल्याच नाहीत, म्हणून आमची भीती कायम ताजी राहिली.

त्यांचा एकच प्रश्न होता. रुजू झालो त्या आठवड्यात त्यांनी मला तो पहिल्यांदा विचारला. मी वर्ग घेऊन येत होतो, त्या जिन्यात भेटल्या. "सगळे आले होते का रे माने?" मी म्हणालो, "हो मॅडम, सगळे आलेत." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "बघितलंस का तू?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पोरं पुढच्या तासासाठी वर्गातच बसली होती. मला घेऊन त्या परत तिथं गेल्या आणि दारात उभं राहून मुंड्या मोजू लागल्या. मोजायच्या कानडीत, तोंडातल्या तोंडात. ओंदु, एरडु, मूरु. माणूस मराठीत कितीही शिकला तरी मोजतो आणि रडतो आईच्या भाषेत, असं त्या म्हणत. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "एक्केचाळीस हायत. तुझ्या वहीत त्रेचाळीस. दोघं कुटं गेले?" एक कँटीनमध्ये भजी खात होता. दुसरा त्या दिवशी गावाहून निघालाच नव्हता.

त्यांच्या हजेरीची रीत ठरलेली होती. नाव मोठ्यानं घ्यायचं, मान वर करून त्या पोराचं तोंड बघायचं आणि मगच कागदावर पेन टेकवायचं. कागद वर्गात फिरवून सह्या घ्यायच्या नाहीत. यात आठ मिनिटं जातात, अशी आम्ही सगळ्यांनी मिळून एकदा तक्रार केली. "जाऊ देत की," म्हणाल्या. तक्रार तिथंच संपली.

शनिवारी तर आमचे हालच. विभागात पोरांच्या सरावासाठी खोटं कोर्ट होतं. न्यायाधीशाचं उंच टेबल, वकिलांच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात साक्षीदाराचा लाकडी पिंजरा, सगळं होतं. दर शनिवारी आम्हा शिक्षकांपैकी एकानं त्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि पोरांनी त्या आठवड्यातल्या कुठल्याही साध्या गोष्टीवर उलटतपासणी घ्यायची. ग्रंथालयातली काच कधी फुटली, बुधवारी आवाज कुठून आला, असलं काहीतरी. आमच्यातले वीस वर्षं शिकवलेले लोक घामाघूम होऊन बाहेर यायचे. आपण किती गोष्टी न बघता छातीठोकपणे सांगतो हे चाळीस पोरांसमोर कळणं काही गमतीचं नसतं. महिन्यातून एकदा मॅडम स्वतः पिंजऱ्यात उभ्या राहत. पोरं त्यांना सोडत नसत. दहापैकी सहा प्रश्नांना त्या सरळ सांगत, "आठवत नाही." एवढं बोलायला त्यांना जराही लाज वाटत नसे, आणि आम्हाला तर ते दोन शब्द तोंडातून फुटतच नसत.

मधल्या सुट्टीत त्या आमच्यातच बसून डबा खात. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्या भाकरी मोडताना कट्ट असा आवाज यायचा आणि चाललेल्या गप्पा थांबायच्या. आमचे शिपाई गफूरभाई दारातून मला खुणा करायचे. "आज अंदर नक्को जाव सर, मॅडम रजिस्टर लेके बैठे." गफूरभाईंच्या या सूचनांवर मी दोन वर्षं तगलो.

हा प्रश्न त्यांना कुठून चिकटला तेही त्यांनी एकदा वर्गात सांगितलं होतं. त्यांचे वडील होटगी स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाडी स्टेशनातून पुढं गेली की शेवटच्या डब्याच्या पाठीवर लावलेली पिवळी पाटी डोळ्यांनी बघायची, हे त्यांचं काम. पाटी दिसली म्हणजे गाडी पुरी गेली. नाही दिसली, तर एखादा डबा तुटून मागं रुळावर राहिला असेल आणि मागून येणारी गाडी त्याच्यावर आदळेल. घरात पोरं रांगत होती तेव्हापासून वडिलांच्या तोंडी एकच वाक्य असायचं. पाटी दिसली की म्हणायचे, "अख्खी गेली."

एकदा मालगाडी गेली आणि पाटी काही त्यांना दिसली नाही. सोबतचा माणूस म्हणाला, "गेली की, मी बघतोय न्हवं." वडील हटले नाहीत. मागची गाडी अर्धा तास उभी राहिली, साहेबांनी सगळ्यांसमोर आईवरून शिव्या दिल्या. पुढं कळलं, गाडी पुरीच होती, पाटी तेवढी कुठंतरी गळून पडली होती. वडिलांना शिक्षा झाली. एका पोरानं विचारलं, "म्हणजे ते चुकलेच ना मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "नाही. त्यांना दिसली नव्हती." त्यानंतर साक्षीपुराव्याचा कायदा बदलला, कलमांचे आकडे बदलले, आम्ही शिक्षक नव्या पुस्तकात बोट घालून जुनं कलम शोधत बसलो. मॅडमचं म्हणणं, आकडे बदलू देत, डोळे तेच आहेत.

हे सगळं मला पाठ होतं, आणि तरीही मी ते केलं.

मंगळवार होता. अभ्यासक्रम मागं पडला होता, घसा बसला होता. मी कागद फिरवला. पोरांनी सह्या केल्या, मी न बघता घडी घालून वहीत ठेवला आणि नंतर सावकाश हजेऱ्या उतरवल्या. महिन्याच्या शेवटी त्या वहीखाली मॅडमची सही झाली. खातरजमा केली, असा शिक्का असतो त्याच्यावर. दर महिन्याला त्या चार दिवस वर्गात येऊन माझी हजेरी ताडून बघायच्या. त्या महिन्यात विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती, त्या गडबडीत त्यांचं येणं राहिलं.

श्रावणी आमच्या शेवटच्या वर्षाला होती. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहायची. आई विड्या वळायची, भाऊ चादरीच्या कारखान्यात. घरात तेलुगू, कॉलेजात मराठी आणि कायदा इंग्रजीत, तिन्ही भाषांत हुशार. मॅडमना पिंजऱ्यात सगळ्यात जास्त घाम तिनंच फोडला होता. ती एक दिवस जिन्यात मला आडवी आली. ओठ पांढरे पडले होते.

"सर, त्या मंगळवारी मी तुमच्या तासाला होते ना?"

तिच्या वहिनीनं फिर्याद दिली होती. नवऱ्यानं, सासूनं आणि नणंदेनं मिळून त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला मारून घराबाहेर काढलं, म्हणून. नणंद म्हणजे श्रावणी. तासही अकराचाच. शिक्षा झाली तर वकिलीची सनद कुठली मिळायला? पाच वर्षांचं शिक्षण पाण्यात. मी वही काढली. तिच्या नावापुढं हजेरी होती.

"होतीस की," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

दोन दिवसांनी हवालदार हजेरीचा उतारा मागायला आला. मॅडमनी त्याला बसवलं, चहा दिला आणि मला बोलावलं. वही उघडीच होती. चष्मा काढला. पुसला. "बघितलंस का तू हिला?"

मला श्रावणीचे ओठ दिसले. माझी नेमणूक जूनमध्ये संपत होती, तीही दिसली. आणि कागद फिरवला हे कबूल करायची भीती या सगळ्याहून मोठी होती. मी म्हणालो, "हो मॅडम."

त्यांनी वही मिटली. हवालदाराला सोमवारी या म्हणाल्या. ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी पोरं गेल्यावर गफूरभाई आले. आज त्यांनी खूण केली नाही. "कोर्टरूम में बुलाये," एवढंच बोलून खाली बघत निघून गेले. मॅडम वकिलाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मला पिंजऱ्याकडं बोट दाखवलं. मी उभा राहिलो. हॉलमध्ये आम्ही दोघंच.

"कुठं बसली होती?"

"तिसऱ्या बाकावर."

"शेजारी कोण?"

"रुक्साना. त्या दोघी नेहमी एकत्रच बसतात."

"रुक्साना त्या मंगळवारी रजेवर होती. तिचा अर्ज माझ्याकडं आहे. आता सांग, शेजारी कोण?"

मी आणखी दोन वाक्यं बोललो असेन. ती काय होती ते आता आठवत नाही, पण खोटी होती एवढं नक्की. मग मी वाक्य अर्ध्यात सोडलं. म्हणालो, "मॅडम, मी कागद फिरवला होता. मी कुणालाच बघितलं नाही. मला आठवत नाही."

"हे परवा म्हणायला काय झालं होतं?" एवढ्या हळू त्या कधीच बोलल्या नव्हत्या. "अरे, मला तू दहा मिनिटांत सापडलास. तिकडं खरा वकील असणार. तू उसवलास की ती पोरगी उघडी पडणार. होती असली तरी खोटी ठरणार, आणि नव्हती तर मग संपलंच."

त्यांनी तांब्यातून पाणी ओतायला घेतलं. अर्धं पाणी टेबलावरच सांडलं. त्या म्हणाल्या, "खाली माझी सही हाय, माने. मी पण बघितलं न्हाय." हाय-न्हाय त्यांच्या तोंडात फार घाबरल्या की यायचं, हे मला त्या दिवशी कळलं. या बाईलाही भीती वाटते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ते कळून धीर यायला हवा होता. उलट मी जास्तच घाबरलो.

सोमवारी त्यांनी हवालदाराच्या हातात पत्र दिलं. त्या दिवसाची हजेरी तोंड बघून घेतलेली नाही, ती भरवशाची धरू नये, आणि खातरजमा न करता सही केल्याची जबाबदारी आपली, असं त्यांनी लिहिलं होतं. माझं नाव पत्रात कुठंच नव्हतं.

बातमी फुटायला अर्धा दिवस लागला. मॅडमनी स्वतःच्याच पोरीला आत घातलं, असं जो तो बोलू लागला. पोरं फाटकासमोर बसली. स्टाफरूममध्ये त्या आल्या की लोक पेपर तोंडासमोर धरायचे. वरच्या ऑफिसातून कागद आला आणि संचालकपद गेलं. त्यांनी खुर्चीवरची उशी तेवढी उचलली आणि आमच्या खोलीत कोपऱ्यात येऊन बसल्या. याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्या धास्तावल्या होत्या वेगळ्याच गोष्टीनं. श्रावणी तीन दिवस कॉलेजात आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी डबा उघडून बसल्या, भाकरी हातात धरली आणि मोडलीच नाही. मला म्हणाल्या, "तुझी स्कूटर हाय का?"

कुंभारीपर्यंत त्यांनी माझा खांदा असा धरला होता की संध्याकाळी शर्ट काढल्यावर वळ दिसले. वाटेत एकच वाक्य बोलल्या. "पोरीनं जिवाचं काही करून घेतलं असलं तर, माने?" मी स्कूटर आणखी दामटली. मला मागं वळून त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

घराच्या दारात श्रावणीची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं मान वर केली नाही, बोटं तेवढी चालू होती. भाऊ उंबऱ्यात उभा राहिला. "आता काय राहिलं मॅडम? आमच्या पोरीला अडकवलात की. आता घरबी बघायला आलाव?"

"श्रावणीला बघायला आलेय," मॅडम म्हणाल्या. "बघितल्याशिवाय जाणार नाही."

ती आतून आली. उभी होती, चालत होती. मॅडमनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मला वाटलं, आता तो प्रश्न येणार, तासाला होतीस की नव्हतीस. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" तिनं मान खाली घातली. "सोमवारी तासाला ये. हजेरी मी घेणार आहे." एवढं बोलून त्या वळल्या.

सोमवारी ती आली. मॅडमनी नाव घेतलं, तोंड बघितलं, पेन टेकवलं. तास संपल्यावर ती जागची उठली नाही. मी मागच्या बाकावर बसून त्यांची हजेरी बघत होतो. बाहेर निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "माने, तू थांब. ऐकायला दुसरं कुणीतरी पाहिजे."

श्रावणी बाकाकडं बघत बोलली. त्या मंगळवारी ती घरीच होती. सही दुसऱ्या मैत्रिणीनं केली होती. भावानं वदिनाचे केस धरले होते, आई दाराला आडवी उभी होती. वदिना म्हणजे वहिनी. "तिनं माझ्याकडं बघितलं मॅडम. मला हाक मारली. माझ्या हातात फोन होता. मी काहीच केलं नाही."

"हात लावलास का तिला?"

"नाही."

"मग तेवढंच घडलं. लावला नाही, आणि काही केलंही नाही."

"मी हे सांगितलं तर माझं घर जाईल."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मी तुला सांग म्हणणार नाही. मी म्हटलं की ते माझं होईल. बघितलंयस तू."

पुढचे दहा दिवस मॅडमनी वाट बघितली. मी कधीच त्यांना इतकं वाईट दिसताना बघितलं नव्हतं. दाराशी कुणाची सावली पडली की दचकायच्या. अकराव्या दिवशी श्रावणी एकटीच ठाण्यात गेली आणि जबाब देऊन आली. आरोपपत्र आलं तेव्हा तिचं नाव आरोपींत नव्हतं, साक्षीदारांत होतं. त्याच आठवड्यात भावानं तिची कपड्यांची पिशवी वसाहतीच्या रस्त्यावर आणून टाकली. मॅडमनी ती उचलली आणि तिला होटगीला आपल्या घरी नेलं.

जूनमध्ये माझी नेमणूक पुढं चालू झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या गावी नोकरी मिळाली. मॅडम निवृत्त झाल्या. श्रावणीला सनद मिळाली. दोन वर्षांनी एक दिवस मॅडमचा फोन आला. "उद्या तिची साक्ष हाय. येशील का?" त्यातलं हाय ऐकून मी रात्रीची एसटी धरली.

कोर्टाच्या आवारात भावाचे चार मित्र मोटारसायकलींवर बसून होते. आठवडाभर फोन येत होते, साक्षीला गेलीस तर परत जाणार नाहीस, म्हणून. श्रावणीचं त्याच दुपारच्या गाडीचं पुण्याचं तिकीट काढलेलं होतं. तिथल्या एका वकीलबाईंकडं ती कामाला लागणार होती. मॅडम आत आल्या नाहीत, बाहेर बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मी समोर असले तर ती माझ्याकडं बघून बोलेल." तासाभरानं मी बाहेर आलो. त्या उठल्या.

"बोलली?"

"बोलली. दोन प्रश्नांना आठवत नाही म्हणाली. बाकी सगळं सांगितलं. भाऊ समोर होता, त्याच्याकडं बघून सांगितलं." मग त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणालो, "मी बघितलं मॅडम."

त्यांनी मान हलवली, एवढंच. तिची वहिनी जिन्याजवळ भिंतीला टेकून उभी होती. ती आणि श्रावणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जाताना वहिनीनं तिच्या दंडाला हात लावला.

आम्ही तिघं रिक्षानं स्टेशनला आलो. मोटारसायकली मागं होत्या की नव्हत्या, सांगता येत नाही. मी तीनदा मागं वळून बघितलं आणि तिन्ही वेळा मला प्रत्येक मोटारसायकल तीच वाटली. मॅडमनी श्रावणीला डब्यात बसवलं, भाकरीचं फडकं दिलं, शेजारच्या बाईला कुठवर जाणार म्हणून विचारलं आणि खाली उतरल्या. गाडी हलली. श्रावणी खिडकीतून हात हलवत होती, रडत होती. मॅडमनी हात हलवला नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. मला रागच आला. एवढं सगळं करून शेवटी पोरीकडं साधं बघायचंही नाही?

मग लक्षात आलं, त्या गाडीच्या मागच्या टोकाकडं बघत होत्या. डाव्या हातानं माझी बाही धरली होती, कुंभारीच्या वाटेवर खांदा धरला होता तशीच. चष्मा पुसलेला नव्हता. एकेक डबा समोरून जात होता आणि त्यांचे ओठ हलत होते. ओंदु, एरडु, मूरु. शेवटचा डबा आला, गेला, त्याच्या पाठीवरची पिवळी पाटी उन्हात लख्ख दिसली आणि वळणाकडं लहान होत गेली.

दोन वर्षं धरलेला श्वास त्यांनी सोडला, तो मला शेजारी उभं राहून ऐकू आला. बाहीवरची बोटं सुटली.

"चल," म्हणाल्या, "अख्खी गेली."